दुधाळलेलं बोनेट

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात गोंदिया रोडला तेजरामचं गॅरेज होतं. पत्रा ठोकायचं काम तो स्वतः करी आणि रंगाचं काम त्याची मुलगी मंजुषा बघे. नागपूरच्या एका वर्कशॉपात ती ते शिकून आली होती. भेटेल त्याला तेजराम अभिमानानं सांगायचा, "आमची मंजू गाडी रंगवते." कोर्टातून निवृत्त झालेल्या गुणाकर साहेबांनी त्याच्याच शब्दावर आपली जुनी गाडी आणून टाकली. त्यांना गडद मरून रंग हवा होता.

श्रावण चालू होता. पाऊस थांबला होता, पण हवा इतकी दमट की भिंतींना घाम सुटलेला. मंजुषा स्प्रे गन धुऊन दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, आज नाई मारत मी. रंगात ओल धरन. ऊन पडू दे."

"साहेब उद्या पाहाले येऊन राह्यले. मी सांगून ठेवलं त्याहिले."

"मंग सांगा ना, एक दिवस थांबा म्हनून."

"मार म्हनलं ना तुले."

तिनं रंग मारला.

सकाळी शटर वर केलं, तर बोनेटवर आणि टपावर साय धरल्यासारखं पांढुरकं दिसत होतं. तेजरामनं फडक्यानं पुसून पाहिलं. ते वर नव्हतं, रंगातच होतं. तो पुसतच होता, तेवढ्यात गुणाकर साहेब आणि त्यांच्या पत्नी सुनंदाबाई आले.

"तेजराम, ये क्या है? ही आमची गाडी?"

तेजरामनं फडकं खांद्यावर टाकलं. "पोरीचा हात आहे, साहेब. शिकून राह्यली अजून. माह्यं ध्यान नोव्हतं."

मंजुषा मागेच पाण्याची बादली घेऊन उभी होती. तिनं बादली खाली ठेवली. सुनंदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

"आता तुम्ही स्वतः लक्ष घाला," एवढं बोलून साहेब निघून गेले.

त्या दिवशी तेजराम अर्ध्या ताटावरून उठला. बायकोनं, पुष्पलतानं विचारलं, "काहून, काय झालं?" तो हात धुवायला गेला. मंजुषा बापाशी रोजच्यासारखीच बोलली, कामापुरती, आणि तेच त्याला सोसवेना. तिनं भांडण केलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

पुढे एका दुपारी कडक ऊन पडलं. मंजुषानं उष्णतेचे दिवे लावून पत्रा कोमट केला आणि हळू उडणारं थिनर रंगात सढळ हातानं मिसळलं. त्याचा पातळ फवारा बसला, की वरचा रंग पुन्हा सैल होतो आणि आत अडकलेली ओल निघून जाते. तेजराम तिच्यामागे हवेचा पाइप सांभाळत चालला होता. त्याच्या डोळ्यांदेखत बोनेटवरची साय विरली आणि खाली मरून रंग चमकू लागला. त्याला बोलायचं होतं. कंप्रेसरचा आवाज होता म्हणून तो गप्प राहिला. कंप्रेसर बंद झाला, तरी गप्पच राहिला.

सुनंदाबाईंसोबत गाडी न्यायला आलेले साहेब खूष झाले. "शेवटी हात तुमचाच, तेजराम."

तेजरामनं नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. मंजुषा कोपऱ्यात गन खोलून साफ करत होती.

"माह्या हात नाई लागला, साहेब," तेजराम म्हणाला. "हे बी तिनंच केलं. अन् तवा बिघडलं, ते माह्यापायी. ती नाई म्हनत होती, मीच जबरदस्ती केली. तुमच्यासमोर तिच्यावर ढकललं."

साहेबांनी हातातली किल्ली उगाच फिरवली. सुनंदाबाई मंजुषाजवळ गेल्या. "छान झाली गं गाडी," त्या म्हणाल्या. मग दोघं गाडीत बसून गेली.

मंजुषानं वर पाहिलं नाही. ती गनचं तोंड पुसत होती.

"हे त्याच दिवशी बोलाले पायजे होतं, बाबा."

"हौ," तेजराम म्हणाला.