खड्ड्याची घागर

गिरिजाबाई रबरी चटईवर उभ्या राहिल्या, कोरड्या फडक्याने हात पुसले आणि खटका खाली ओढला. पट्टा दोन-चार गिरक्या घेऊन थांबला.

"घ्या साहेब, थांबवली गिरणी. काय बघायचं ते जल्दी बघा. बायांचा खोळंबा व्हऊन राह्यला."

औरंगाबादहून आलेल्या वीज इन्स्पेक्टरांनी आठवड्यात अशा तीन गिरण्या बंद करायला लावल्या होत्या. तीर्थपुरीची ही चौथी ठरली, तर दारात कोण येणार? मुलगा नांदेडला नोकरीत. वर्षाकाठी एक पत्र, तेही गिरणी विकून टाक म्हणून. खटका बंद झाला, की या घरात बोलायला नुसत्या भिंती.

"धोक्याची पाटी कुठंय?"

बाईंनी कॅलेंडर बाजूला केले. मागे लाल कवटी होती. शेजारी बाईंच्या मालकांचा, मार्तंडरावांचा, हार घातलेला फोटो.

"बाया दळायला येतात साहेब, मसनात न्हाई."

"पाटी दिसली पाहिजे, मावशी."

"मंग काढते कॅलेंडर. तुमच्यापायी एकादशी चुकली तर चुकली."

ज्वारीचे डबे घेऊन बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. इन्स्पेक्टर मात्र मागच्या दाराने अर्थिंगच्या खड्ड्याकडे निघाले होते. मीठ-कोळसा भरलेला खड्डा, त्यात उतरलेली मोटारीची तार. भर एप्रिलात तिथली माती काळी, ओली होती. ते उकिडवे बसले आणि मातीला बोट लावून पाहू लागले.

"मोटारीच्या पत्र्यात करंट उतरला, तर या तारेनं तो जमिनीत जातो. खड्डा कोरडा पडला, की हात लावील त्याच्या अंगातून जातो."

"ठाऊक हाय," बाई म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता.

"काकी रोज सकाळी घागर ओतते, साहेब," दळायला आलेली बेबीनंदा दारातून म्हणाली. "आमी म्हणतो, मालकाला पाणी पाजती."

"तू तुझा डबा सांभाळ, बये. कुत्रं तोंड घालंल."

मालक होते तेव्हा ही घागर तेच ओतत. बहात्तरच्या दुष्काळात टँकर चार दिवसांआड येई. एका सकाळी ते घागर घेऊन मागच्या दाराला निघाले, तेव्हा बाईंनी ती त्यांच्या हातातून ओढून घेतली. 'माणसाच्या घशाला कोरड अन् तुमी खड्ड्याला पाजता?' मार्तंडराव हसले होते. बाईंपुढे शब्द वाढवायची त्या घरात रीत नव्हती. खड्डा कोरडाच राहिला. अकराव्या दिवशी पट्टा सरकला आणि त्यांनी मोटारीला हात लावला. गाव म्हणाले, घडी भरली होती. बाईंनी गावाला काही सांगितले नाही.

इन्स्पेक्टरांनी पेटीतल्या तारा लावल्या, काटा पाहिला, कागदावर सही केली.

"पाटी तेवढी मोकळी करा. बाकी बराबर आहे. उन्हाळा आहे, संध्याकाळीही एक घागर ओतत चला."

"संध्याकाळ कशाला?" म्हणत बाई आत गेल्या आणि भरली घागर कमरेवर घेऊन आल्या. उंबऱ्यापाशी त्यांना धाप लागली. इन्स्पेक्टर पुढे झाले. घागरीच्या काठाला हात घालत म्हणाले,

"द्या मावशी, मी ओततो."

बाईंची बोटे काठावर आवळली.

"सोडा," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "घागर कुणाच्या हातातनं ओढून घ्यू न्हाई, साहेब."

इन्स्पेक्टरांनी हात मागे घेतला. बाई वाकल्या, सावकाश पाणी सोडत राहिल्या.

"काकी, चालू करा की आता!" आतून बेबीनंदाने हाक मारली.

बाईंनी मागे वळून पाहिले नाही. माती सगळे पाणी पिऊन होईपर्यंत त्या रिकामी घागर धरून तिथेच उभ्या होत्या.