पदरची ओळ

"'परस्पर सौहार्द' म्हणा पुन्हा एकदा," संघटक साहेब म्हणाले.

हौशीरामने चावडीच्या पायरीवर उभं राहून घसा खाकरला. पाचव्यांदा म्हणून पाहिलं, आणि पाचव्यांदा सौहार्दाची पार वाट लागली.

"साहेब, ह्ये असं वरडलो तर मानसं म्हनतील, कसलं तरी औशद इकायला आलंय," तो म्हणाला. "एकोपा म्हनू का?"

साहेब हसले आणि त्यांनी कागदावर खोडून 'एकोपा' लिहिलं. सरकारच्या विकास योजनेतले समाजशिक्षण संघटक होते ते. तरुण माणूस, अंगात खादी, आणि जग सुधारायची फार घाई. आदल्या साली उरुसाच्या मिरवणुकीवरून शिवेच्या ओढ्यावर दगडफेक झाली होती. ओढ्याच्या अलीकडे जुन्नर तालुका, पलीकडे आंबेगाव. तेव्हापासून पलीकडचे मुसलमान कारागीर अलीकडच्या बाजाराला येईनात आणि अलीकडचे शेतकरी पलीकडे पाऊल टाकीनात. म्हणून साहेबांनी दोन्ही तालुक्यांच्या शिवेवरच्या बारा गावांचं मिळून सलोखा मंडळ काढायचं ठरवलं होतं. रविवारी उद्घाटन, आणि बारा गावांत दवंडी द्यायचं काम हौशीरामकडे.

बाजूला गेणभाऊ पाटील पान लावत बसले होते. "हौशा, निस्तं कोरडं सांगू नगंस," ते म्हणाले. "तुजी पदरची वळ टाक शेवटाला."

"हो, टाका की," साहेब म्हणाले. "लोकांना आवडतं."

हौशीरामची ही पदरची ओळ पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. सरकारी मजकूर संपला की हलगीवर एक थाप मारून तो आपल्या मनची एक ओळ जोडायचा. देवी टोचणारा डॉक्टर येणार असला की, 'टोचून घ्या रं देवी आज, न्हाईतर तोंडावर चाळणीचा साज.' तोंडावरची सुरकुती न हलवता म्हणायचा. लोक मजकूर विसरत आणि ओळ घरी घेऊन जात. या गुणाचा त्याला मोठा अभिमान होता, आणि त्याच गुणाची त्याला सात वर्षं लाज वाटत होती. एकाच माणसाला दोन्ही वाटू शकतं.

सात वर्षांपूर्वी हैदराबादेत फौजा शिरल्या, तेव्हा गावात रोज एक नवी आवई उठे. गावात इब्राहिम पिंजाऱ्याचं एकच मुसलमान घर होतं. त्याचा मेहुणा निजामाच्या मुलखात राहायचा आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्याचं कार्ड यायचं. संशयाला तेवढं पुरलं. पाटलांनी दवंडी द्यायला सांगितली, की इब्राहिमकडे कुणी काम देऊ नये. मजकूर एवढाच होता. मारुतीच्या चौकात हौशीरामने तो सांगितला, हलगीवर थाप मारली आणि पदरची ओळ टाकली. 'मऊ मऊ गादी इब्राहिमची, आत नांगी इंचवाची.'

चौक खदखदून हसला. दुसऱ्या दिवसापासून पोरं इब्राहिमच्या मागे तीच ओळ म्हणत फिरू लागली. बायका घरातल्या गाद्या उसवून बघू लागल्या. दसऱ्याच्या आत इब्राहिम पिंजण गाडीत टाकून, बायको-मुलाला घेऊन ओढ्यापलीकडच्या कळंबला निघून गेला.

हौशीरामचं इब्राहिमशी काही वाकडं नव्हतं. हौशीरामच्या लेकीच्या बाळंतपणात इब्राहिमने दुलई भरून स्वतः घरी आणून दिली होती. ओळ जुळली म्हणून म्हटली, एवढंच. पुढे त्याने मनाची समजूत घातली होती, की हुकूम पाटलाचा, आपलं फक्त तोंड.

आता सलोखा मंडळासाठी गावं फिरताना कळंबात त्याने वेशीजवळ दवंडी दिली, तशी समोरच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. केसांत कापसाचे धागे अडकलेले. ती इब्राहिमची बायको हाजराबी होती.

"हौशीरामभाऊच ना? आवाज वळखला म्यां."

"व्हय भाबी. इब्राहिमभाऊ हायती का?"

"दोन सालं झाली जाऊन."

हौशीरामने हलगी खाली ठेवली. हाजराबीने पाण्याचा तांब्या आणून दिला. आत मुलगा जलाल कापूस पिंजत होता, त्याचा हात थांबला. हौशीराम पाणी प्यायला आणि त्याने निरोप सांगितला, की रविवारी पलीकडच्या एखाद्या कारागिराने व्यासपीठावर बसावं अशी साहेबांची फार इच्छा आहे, तर जलालने यावं. मग कुणी न विचारताच म्हणाला, "तवाचा हुकूम पाटलाचा व्हता भाबी. आमी काय, निस्तं तोंड."

"हुकूम पाटलाचा व्हता. वळ तुमची व्हती," हाजराबी म्हणाली. "दाराआड हुबी व्हते मी. पाटलाला असलं जुळवाया येत न्हाई."

हौशीरामने तांब्या खाली ठेवला.

"हितं कळंबात कुनाला ती वळ ठावं बी न्हवती. तरी गादी भरून झाली का ह्ये गिऱ्हाइकाला म्हनायचे, हात घालून बगा आत, काय न्हाई. पार मरस्तवर. मानसं म्हनायची, पिंजारी चांगला हाय, पर जरा येडा हाय."

तिने शिवी दिली असती तर हौशीरामने ती मुकाट घेतली असती. तिने शिवी दिली नाही. इतकी लाज त्याला उभ्या जन्मात वाटली नव्हती. भरलेल्या गादीत हात घालून दाखवणारा इब्राहिम डोळ्यांपुढून हलेना.

"जलाल ईल," हाजराबी म्हणाली. "मी बी ईन. पर तुमी त्याच चौकात, तेवढ्याच मोठ्यानं सांगायचं, का ती वळ खोटी व्हती."

"सांगतो भाबी."

रविवारी मारुतीच्या चौकात मांडव पडला. बारा गावची माणसं जमली. व्यासपीठावर साहेब आणि पाटील यांच्या मधल्या खुर्चीत जलाल अंग चोरून बसला होता. हाजराबी बायकांच्या कडेला होती. हौशीरामने हलगी वाजवली, मजकूर सांगितला, एकोपा नीट म्हटला. मग तो थांबला. माणसं पुढे सरकली. "आली, आली वळ," कुणीतरी कुजबुजलं.

"मंडळी," हौशीराम म्हणाला, "सात सालांमागं ह्याच चौकात म्या एक वळ म्हनली व्हती. इब्राहिमभाऊच्या गादीची."

"आत नांगी इंचवाची," मागून कुणीतरी पुरी केली, आणि सभा हसली.

"ती खोटी व्हती," हौशीराम ओरडला. "इब्राहिमभाऊच्या गादीत इंचू न्हवता. कंदीच न्हवता."

हसू दुप्पट झालं. त्याचं विनोद सांगताना कधीच न हसणारं तोंड लोकांच्या ओळखीचं होतं. आताचं तोंडही त्यांना तेच वाटलं. "मंग काय उंदीर व्हता का?" एकाने विचारलं. पाटील पोट धरून हसले. ज्या पोरांना ती ओळ माहीत नव्हती, त्यांनी ती तिथल्या तिथे पाठ केली. साहेबांना काहीच कळलं नव्हतं, पण सभा खूश दिसली म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"हसू नगा," हौशीराम म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. लोकांना त्याचीही गंमत वाटली.

जलाल उठला. सावकाश खाली उतरून आईजवळ गेला. दोघं निघाली. हौशीरामपाशी हाजराबी थांबली.

"तुमी सांगितलं, म्या ऐकलं," ती म्हणाली. "बाकी कुनी न्हाई ऐकलं."

आणि ती चालू लागली. हसू हळूहळू विरलं. साहेबांचं लक्ष रिकाम्या खुर्चीकडे गेलं आणि ते गडबडून उभे राहिले.

"अहो, त्यांना थांबवा कुणीतरी. हौशीराम, हाक मारा त्यांना."

"हौशा, दे हाक," पाटील म्हणाले.

मायलेक ओढ्यापाशी पोचली होती, चौकातून दिसत होती. हाक सहज पोचली असती. आजवर पाटलांनी सांगितलं आणि हौशीराम ओरडला नाही, असं एकदाही झालं नव्हतं.

"काय म्हनून मारू हाक, पाटील?" त्याने विचारलं.

पाटील पानाची चंची सोडू लागले. बारा गावची माणसं हौशीरामकडे बघत राहिली. ओढ्यात जलालने आईला हात दिला आणि ती लुगडं आवरत एकेका दगडावरून पाय टाकत गेली. ती दोघं पलीकडचा चढ चढून जाईपर्यंत हौशीराम तोंड मिटून उभा होता.