पाणी हललं की जेवायला या

जळक्या रबराचा वास. सीमेवर फुटलेला तोफगोळा. आमटीचा डाव. मुरबाडकडे जाणारे डंपर. पाण्यातला एक बुडबुडा.

मित्रांनो, मी एक जुनं घमेलं आहे. या सगळ्या गोष्टी माझ्या काठाशी येऊन थांबतात.

शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावर, सापगावात, बुधाजींचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मागे घर. बुधाजी लढाईवरून परतले तेव्हा हातपाय धड होते, कान मात्र गेले होते. ट्यूबमधून हवा सुटते तो आवाज इतर कारागिरांना ऐकू येतो. बुधाजींना तो डोळ्यांनी पाहावा लागे. म्हणून मी. ट्यूब माझ्या पाण्यात बुडवायची, बुडबुडा दिसला की तिथं बोट ठेवायचं.

शाळेची पोरं सायकली घेऊन येत. बंटी नावाचा एक आगाऊ पोरगा मागून ओरडे, "ओ आजोबा, बॉम्ब!"

बुधाजी पाठमोरेच. मग वळून सगळ्यांचे हसरे चेहरे बघत आणि म्हणत, "काय बोल्ला रे हा? माझे कान बॉर्डरवर रायले. जा, घेऊन ये."

त्यांच्या पत्नी जानकीबाई. हाका मारून थकल्यावर त्यांनी युक्ती काढली. स्वयंपाक झाला की डावानं माझ्या काठावर ठोकायचं. पाण्यात गोल लाटा उठत, बुधाजी मान वर करत.

"माझ्यापरीस या घमेल्याचं बरं ऐकता तुमी," त्या म्हणत.

एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

मग रस्ता रुंद झाला. डंपर धावू लागले आणि माझं पाणी दिवसभर थरथरू लागलं. सुरुवातीला बुधाजी दर वेळी मान वर करत. पुढे सवय झाली.

त्या दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मागच्या दारात जानकीबाई छातीला हात लावून खाली बसल्या. "आवं," म्हणाल्या. मी ऐकलं. दुसऱ्यांदा आवाज निम्माच आला. मग त्यांनी हातातला डाव फेकला. तो माझ्या काठावर आदळून मागे पडला. पाणी हललं. मित्रांनो, मला जेवढं हलवता येतं तेवढं मी हलवलं.

बुधाजींनी रस्त्याकडे पाहिलं. डंपर चालला होता.

"गाडी हाय," ते स्वतःशीच म्हणाले आणि ट्यूब घासू लागले.

मला पाय नाहीत.

भूक लागली तेव्हा ते आपणहून उठले. वळताना पायाला डाव लागला.

त्यानंतर दर डंपरला बुधाजी उठत. मागच्या दारापर्यंत जात, रिकामा उंबरा पाहून परत येत. मुलगा इंद्रजीत त्यांच्या खांद्याला धरून, तोंडासमोर तोंड आणून सांगे, "बाबा, गाडी होती. बसा." ते बसत. पाणी हले. ते उठत.

गेल्या वर्षी तेही गेले. इंद्रजीत आता मोटारसायकलींचे टायर बघतो, त्याला मी लागत नाही. माझा तळ गंजून भोक पडलंय. पाणी राहत नाही, त्यामुळे काही हलतही नाही.

मला सांधा, असं मी म्हणणार नाही. एवढंच मागणं आहे: तुमच्या घरात कुणाला ऐकू येत नसेल, तर त्यांना घमेल्याच्या भरवशावर सोडू नका. जवळ जा. खांद्याला हात लावा. वेळ असेल तर शेजारी बसा.

मुरबाडच्या बाजारात बुधाजींसाठी मला निवडताना जानकीबाईंनी प्रत्येक घमेल्यावर टिचकी मारून पाहिली होती, आणि ज्याचा आवाज सगळ्यात मोठा, तेच घेतलं होतं.