परत मागून आणलेली बाटली

आन्सेल्मो उइकाब तसा वाईट माणूस नव्हे. पण होणारे व्याही घरी येणार म्हटलं की भल्याभल्यांचं डोकं ठिकाणावर राहत नाही!

त्याच्या स्वयंपाकघराच्या दगडी भिंतीत रानमाश्यांनी आपणहून घर केलं होतं. नांगी नसलेल्या, गरीब माश्या. मेक्सिकोतल्या युकातानच्या त्या गावाची रीत अशी, की त्यांचा मध बेताने काढायचा आणि गल्लीत कुणी बाळंत झाली की पहिली वाटी तिला द्यायची.

आन्सेल्मोने मात्र भिंतीचा दगड काढला तो सगळाच मध न्यायला.

"अरे, निम्मा तरी ठेव," म्हातारी आई पेत्रोना म्हणाली. "पाऊस तोंडावर आलाय, फुलं मिळायची नाहीत. खातील काय त्या?"

"तू गप्प बस गं आई! गास्पर व्याह्यांपुढे रिकाम्या बरण्या मांडू?"

"पोरगी बघायला येतायत की मध चाटायला?"

त्याने ऐकलं नाही. मेणाच्या कुप्या भराभर फोडल्या, मध भिंतीवरून ओघळला. घाईत दगडाच्या फटी मातीने लिंपायच्याही राहिल्या.

पाहुणे आले, मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमालेस आणि मधावर ताव मारून गेले. उरलेली एकुलती एक बाटली आन्सेल्मोने सगळ्यांदेखत गास्परच्या हातात दिली. काय तो रुबाब!

मग सांडलेल्या मधाच्या वासाने बारीक काळी चिलटं आली, उघड्या फटींतून पोळ्यात शिरली आणि अंडी घालून ते नासवू लागली. एका सकाळी भिंतीतली गुणगुण जवळजवळ थांबली. नेमकी तेव्हाच शेजारची क्रेसेन्सिया हसतहसत दारात आली.

"नातू झाला हो! वाटी घेऊन आलेय."

"यंदा मधच धरला नाही," आन्सेल्मो खाली बघत म्हणाला.

"खोटं बोलू नकोस," आतून पेत्रोना कडाडली. "गल्लीभर वास सुटला होता!"

क्रेसेन्सियाने वाटी ओढणीखाली झाकली आणि निघून गेली. आन्सेल्मोची लेक नोएमी, जिला बघायला पाहुणे आले होते, ती जन्मली तेव्हा पहिली वाटी क्रेसेन्सियाच्याच घरून आली होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"राहायला एक भिंत दिलीस," म्हातारी म्हणाली, "आणि भाडं म्हणून त्यांचं अख्खं कोठार लुटलंस! वर त्या बाळंतिणीच्या तोंडचा घासही घालवलास."

आन्सेल्मो उठला आणि थेट व्याह्यांच्या दारी गेला.

"दिलेली बाटली परत हवी होती."

विहीण फणकारली, "दिलेलं परत मागायला लाज नाही वाटत?"

"वाटते. तरीही मागतोय."

गास्परने बाटली आणून दिली. "लग्नाचं मागाहून बघू," म्हणाला आणि दार लावून घेतलं.

निम्मा मध क्रेसेन्सियाच्या वाटीत गेला. मायलेकांनी पोळं साफ केलं, उरलेला मध मक्याच्या सालपटावर आत ठेवला आणि फटी लिंपल्या. आन्सेल्मोने भिंतीला कान लावला. आत कुठेतरी अगदी बारीक गुणगुण होती. माश्या जगतील का, हे पेत्रोनालाही सांगता येईना.

वाचकहो, चार लोकांत मिरवायला आपणही कुणाची तरी कोठारं रिकामी करत असतो. हात घालण्याआधी मागे कोण उपाशी राहणार, एवढं विचारावं. नंतर परत मागायला गेलं, तरी सगळं परत मिळतंच असं नाही.