विहिरीतलं इंजिन

हंबीररावानं एखादी गोष्ट मनावर घेतली की त्याला मागं फिरवायची ब्रह्मदेवाची टाप नव्हती. पलटणीतून पेन्शनीत आला आणि आधी मोट मोडीत काढली. विजेची मोटर घ्यावी, तर खांब अजून दोन गावं पलीकडं. "तारंची वाट बघत ऊस वाळवू व्हय?" म्हणाला, आणि कराडच्या दुकानातनं डिझेल इंजिन आणलं. चालवून बघायचं, पसंत पडलं तर ठेवायचं, नाहीतर परत.

त्याच्या बायकोला, साळूबाईला, त्या धुडाची धास्तीच होती. दुष्काळानं पाणी इतकं खोल गेलेलं की काठावरून पंप ओढीना. म्हणून गड्यांनी इंजिन विहिरीत निम्म्यावर, खडकाच्या टप्प्यावर उतरवलं. धुराची नळी काही काठापर्यंत पोचली नाही. दुकानाचा फिटर गंगाधर म्हणाला, "उद्या लांब नळी आणतो, मग चालू करू." पण हंबीररावाला कुठला दम निघतोय! "धूर वरच जातोय की. कर चालू."

इंजिन धडधडलं. पाटात पाणी पडलं तेव्हा साळूबाईलाही भरून आलं, खोटं कशाला बोला? पण घटकाभरानं ते घुसमटून बंद पडलं. कुणी सांगायच्या आधीच धाकटा दीर ज्ञानू खोबणीत पाय देत खाली उतरला. साळूबाई लग्न होऊन आली तेव्हा हा तिच्या मांडीवर बसून जेवायचा.

"काय झालंय रं?" हंबीररावानं वाकून विचारलं.

ज्ञानू इंजिनाला धरून हळूच खाली बसला आणि झोप आल्यागत त्यानं मान टाकली.

हंबीररावानं पटका फेकून काठावर पाय टाकला. साळूबाईनं मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. चारचौघांदेखत, लाज गेली खड्ड्यात.

"सोड. माझा भाऊ हाय त्यो."

"आन् माझा कोन न्हाई? आवं, धूर कोंडलाय खाली. असंच उतरलासा तर दोन मुडदं काढावं लागतील."

त्यानं कोपरानं ढकललं. तिनं सोडलं नाही. गंगाधर तर पांढराफटक पडला होता. तिनं शिवी हासडली तेव्हा कुठं हलला. तिच्या माहेरी विहिरीतला गाळ काढायच्या आधी वारं घालायचे, तसाच लिंबाच्या फांद्यांचा भारा दोराला बांधून गड्यांनी वर-खाली हापसला. धूर हटावा म्हणून पाटातलं पाणी बादल्यांनी परत आत ओतलं.

मग तिनं नवऱ्याच्या कमरेला दोर बांधला. "बोलत ऱ्हावा. बोलनं थांबलं की वडून घेनार."

तो लेफ्ट-राइट, लेफ्ट-राइट म्हणत उतरला. आवाज जड होत चालला. ज्ञानूला दुसरा दोर बांधून होईतो "राइट" म्हणायचं राहिलंच.

"वडा," ती ओरडली.

दोघंही वर आले. ज्ञानू ओकला, खोकला, मग त्यानं डोळे उघडले. साळूबाई त्याच्या छातीवर डोकं टेकून रडली.

"इंजिन परत नेतो," गंगाधर पुटपुटला.

हंबीरराव ओल्या पाटाकडं बघत होता. बोलला तो ज्ञानू. "ठेवा दादा. पानी लय चांगलं पडत हुतं."

हंबीररावाचा चेहरा उजळला, आणि ते बघून साळूबाईचं टाळकं सरकलं.

"ठेवा," ती म्हणाली. "पर लांब नळीबी कवातरी गळंल. रोज ते चालू कराया खाली कुनी उतरायचं, त्याचं नाव आत्ता माझ्यादेखत घ्या."

हंबीररावानं एकेका गड्याकडं बघितलं. कुणी नजर वर करीना. शेवटी त्याची नजर ज्ञानूवर आली आणि तिथंच थांबली.

"काढा त्ये इंजिन वर," हंबीरराव म्हणाला.