दवाखान्याचं कुलूप

"मंगलताई, हे काय चिकटवलंय?"

"पासवर्ड. सकाळी तुमीच दिला न्हाई का?"

"तो डोक्यात ठेवायला दिला होता. स्क्रीनच्या कपाळावर टिकलीसारखा लावायला नाही!"

"डोक्यात काय काय ठिवू, अमृतभाऊ? लसीच्या तारखा, पेशंटची बोलणी, घरी म्हशीचं खाणं. त्यात तुमचं ते ॲट द रेट कुठं कोंबू?"

मी स्टुलावर उभा होतो. छताला ड्रिल मारून डोळ्यांत सिमेंट गेलेलं, गळ्यात वायरचं वेटोळं, आणि खाली येडगावच्या दवाखान्याची ही सिस्टर मलाच शहाणपण शिकवत होती. उतरलो, चिठ्ठी फाडली. दुपारी बघतो तर नवी चिठ्ठी, या खेपेला कीबोर्डच्या पोटाखाली. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

खरं सांगतो, माणसांपेक्षा वायरी बऱ्या. वायर तुटली तर तुटली म्हणून लगेच कळतं. माणूस "हो हो" म्हणतो आणि पाठ फिरली की करायचं तेच करतो.

नारायणगावपासून धरणापर्यंत सगळे मला अमृत केबलवाला म्हणून ओळखतात. एके काळी या भागात घराघरांत टीव्हीची केबल मीच ओढली. पुढे डिश आल्या, मोबाईल आले, धंदा बसला, आणि मी इंटरनेट, कॅमेरे, कॉम्प्युटरची जोडणी असल्या कामांत शिरलो. लग्न राहून गेलं. थोरल्या भावाच्या, दादाभाऊंच्या घरात राहतो, पुष्पावहिनीच्या हातचं खातो. लोकांना मात्र मी अजून केबलवालाच. दवाखान्याचं काम चालू होतं तेव्हा रोज एखादा पेशंट स्टुलाशी येऊन उभा राहायचा, "राव, जरा आमच्या मोबाईलचं बगा की, गाणी लागंना झालीत." आता ह्याला काय सांगायचं?

दवाखान्याच्या डॉक्टर श्रेया मॅडमनी मात्र मला नीट समोर बसवून काम समजावून दिलं होतं. त्यांचं मोठं हॉस्पिटल नारायणगावला, येडगावचा हा लहान दवाखाना. तपासणीची खोली, लॅब, औषधांचं काउंटर, फोन, सगळं एकमेकांना जोडायचं. नारायणगावच्या मोठ्या डॉक्टरांनी पेशंटला स्क्रीनवर बघता आलं पाहिजे. लाईट गेली तरी काही बंद पडता कामा नये. आणि कपाटातली पेशंटची जुनी कार्डं सगळी कॉम्प्युटरात घ्यायची.

सांगायला सोपं आहे. इथे लाईट पाहुण्यासारखी येते आणि चहा घ्यायच्या आत जाते. गच्चीवर इंटरनेटची डिश बसवली तर वानरांनी तिच्यावर झोके घेऊन तिचं तोंड पार धरणाकडे फिरवलं. उसाकडच्या खांबावरचं काम दिवस मावळायच्या आत उरकायचं, कारण बिबट्याला पासवर्ड लागत नाही. काउंटरवरचा मुलगा माझी बॅटरी काढून तिथे मोबाईलचा चार्जर लावून ठेवायचा. माझं डोकं फिरायचं, मी ओरडायचो, सगळे हसायचे.

मॅडमची एक अट होती. "ज्याचा आजार त्याचा. काउंटरवर गोळीचं नाव दिसेल, आजार दिसणार नाही. बाहेरच्या माणसाला तर काहीच नाही."

"आणि मला?" मी सहज विचारलं.

"तुम्ही आतले का बाहेरचे?"

"बाहेरचाच म्हणायचा."

"मग तुम्हालाही नाही."

राग यायला पाहिजे होता, पण मला बरं वाटलं. कुणीतरी माझ्या कामाला काम समजत होतं. मी तसंच केलं. पेशंटचे कागद उघडायला मॅडमचं बोट टेकवावं लागणार, आणि कुणी काय उघडलं ते नावासकट आत राहणार, कुणाला पुसता येणार नाही. जुनी कार्डं मंगलताई स्कॅन करायच्या तेव्हा मी खुर्ची भिंतीकडे फिरवून बसायचो. स्वतःलाच बाहेर ठेवून कुलूप लावायचं काम मी आयुष्यात पहिल्यांदा करत होतो, आणि मला त्याचा अभिमान होता.

घरी माझ्या कामाचं कौतुक फक्त तेजस्विनीला. ही दादांची सून, गोरखची बायको. माहेर मढचं. गोरख चाकणला कंपनीत, आठवड्याने घरी येतो. सकाळचा चहा मला तीच आणून द्यायची आणि दोन शब्द बोलायची. बाकी घरात मला विचारतं कोण?

"काका, दवाखान्यातली जुनी कार्डंबी घालणार का वो कॉम्प्युटरात?" तिने एकदा विचारलं.

"सगळी. कपाट रिकामं करायचंय."

"आन ते समदं तुमीच करताय?"

"मग दुसरं कोण आहे इथे? मीच जोडतोय की सगळं."

"बरं," म्हणाली आणि कप घेऊन आत गेली. सुनेला आपल्या कामाची गोडी आहे म्हणून मी दिवसभर खुशीत होतो.

पुढे एकदा दुपारी दादांनी मला टोमॅटोच्या शेडमध्ये बोलावलं. क्रेट भरणाऱ्या बाया जेवायला गेल्या होत्या. वहिनी आधीच येऊन बसली होती. दोघांची तोंडं बघूनच मला कळलं, काहीतरी शिजलंय.

"भावजी," वहिनीने सुरुवात केली, "तेजू त्या दवाखान्यात कशापायी जायाची, ते बगा की जरा."

"मी कसं बघू?"

"लग्नाला दोन वर्सं झाली. पाळणा न्हाई. दर म्हैन्याला रक्त तपासायचं म्हणून जायाची. आता तर जायाचीच बंद झालीया. मी इचारलं तर म्हणती, बरं हाय आता. काय बरं हाय? मला वाटतंय, पोर व्हऊ नये म्हणून गोळ्या खात असंल."

"तर मग तिलाच विचार."

"सून सासूला खरं सांगती व्हय?"

दादा जवळ सरकले. म्हणाले, "अमृता, एकदाच बघ. कुणाला कळणार न्हाई. आपल्याच घरातलं हाय."

"दादा, मला दिसत नाही. मॅडमशिवाय कुणालाच दिसत नाही."

"कुलूप तूच केलंस ना? मग चावी तुझ्याकडं कशी नसंल?"

आता ह्यांना कसं समजवायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. चावी मिळवणं मला जड नव्हतं. मॅडमचं बोट एकदा टेकलेलं असताना, "जरा लाईन बघतो" म्हणून खुर्चीवर बसलो असतो तरी झालं असतं. नाव आत राहिलं असतं, पण ते बघायला बसतंय कोण? म्हणून तर मला जास्तच राग आला.

"गवंडी घर बांधतो, दादा. बांधलं म्हणून वाटेल तेव्हा आत शिरतो का?"

"भावाच्या घरात शिरतो की! माज्या घरात तू शिरतोसच."

मी चपला पायात घातल्या.

"मी बघणार नाही," एवढंच म्हणालो.

वहिनी उठली, पदर झटकला. "आमी तुमाला कधी परकं मानलं न्हाई. आज तुमीच आमाला परकं केलं. ऱ्हाऊ द्या तुमचं कुलूप तुमच्यापाशी."

त्या दिवसापासून माझं ताट झाकून पडवीत यायला लागलं. वाढायला कुणी नाही, आणखी हवं का विचारायला कुणी नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोंबलायचं कुणाच्या नावानं? गल्लीत पोरं हाका मारायची, "केबलवाले काका, वायफाय द्या," मी त्यांच्यावर खेकसायचो.

तेजस्विनीला सांगावं असं फार वाटायचं. की पोरी, हे लोक असं असं म्हणत होते, मी बघितलं नाही, बघणारही नाही. पण चुलतसासऱ्याने सुनेपुढे पाळण्याचा आणि गोळ्यांचा विषय काढायचा तरी कसा? आमच्याकडे अशी रीत नाही. जीभ रेटेना. ती चहा घेऊन आली की मी मोबाईलमध्ये तोंड खुपसायचो. तीही कप ठेवायची आणि न बोलता जायची. मला वाटलं, सासूने दटावलं असेल.

दवाखान्याचं काम पुरं झालं त्या दिवशी मॅडमनी पेढे वाटले. लॅबमधला रिपोर्ट खोलीत दिसला, खोलीत लिहिलेली औषधांची चिठ्ठी काउंटरवर उतरली, नारायणगावचे मोठे डॉक्टर स्क्रीनवर येऊन हसले. मंगलताईंनी चिठ्ठी न बघता पासवर्ड टाकला तेव्हा मीच टाळी वाजवली. एवढ्यात बाहेर पिकअपचा हॉर्न वाजला आणि वाजतच राहिला.

पाठीमागे क्रेटच्या जागी तेजस्विनी आडवी होती. टोमॅटो खुडता खुडता पडली म्हणे. हातपाय ताठ, तोंडाला फेस. शेतात कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. सोबत आलेली एक बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होती, "फेफरं हाय, फेफरं!" दादा घामाघूम झालेले, वहिनीचा चेहरा पांढरा.

तिला आत घेतलं. मॅडमनी बोट टेकवलं, कागद उघडले. सगळ्यांना बाहेर काढलं, मीही बाहेर आलो. दारावरच्या काचेतून नारायणगावचे डॉक्टर स्क्रीनवर बोलताना दिसत होते. तेवढ्यात लाईट गेली, पण आत काहीही बंद पडलं नाही. एवढे महिने ज्याच्यासाठी डोकं फोडलं ते सगळं त्या दिवशी बिनचूक चाललं.

मॅडम बाहेर आल्या. वहिनीने विचारलं, "काय झालंय तिला?"

"आता ठीक आहे. बाकी काय सांगायचं ते तेजस्विनी सांगेल."

पण सांगायचं आता उरलंच काय होतं? संध्याकाळपर्यंत अख्ख्या वस्तीला कळलं होतं. एवढं कुलूप, एवढं बोट, आणि बातमी पिकअपच्या पाठीवर बसून गावभर फिरली.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील सावळेराम मढहून आले. अजून मेंढरं राखणारा माणूस, दादांसमोर खुर्चीवर बसायलाही तयार नाही.

"फसवलंत, पावणं," दादा म्हणाले.

"शाळंत असल्यापासून हाय," सावळेराम खाली बघत म्हणाले. "रोजची गोळी घेतली की काय बी व्हत न्हाई. चार-पाच वर्सं झाली, एकदाबी आलं नव्हतं. पर आदी सांगितलं असतं, तर तुमी पोर केली असती का?"

गोरख चाकणहून आला होता, खांबाला टेकून मोबाईलवर बोट फिरवत होता. त्याच्या कानाखाली ओढावी असं मला वाटलं. "काय दिवस माहेरी ऱ्हाऊ द्या," वहिनी म्हणाली, "आराम व्हईल." किती दिवस, ते कुणी बोललं नाही. विचारलंही नाही. अशा आरामाला आमच्याकडे काय म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मी तिची बॅग घेऊन गाडीपर्यंत गेलो. निदान तेवढं तरी मला करता येत होतं. सावळेराम पुढे ड्रायव्हरशी बोलत होते. तेजस्विनी दाराला धरून उभी राहिली. जीभ चावली गेल्यामुळे तिला नीट बोलता येत नव्हतं.

"काका, एक इचारू? तुमी माजं कार्ड बघितलं व्हतं ना?"

"नाही."

"एकदाबी?"

"एकदाही नाही, पोरी. मला दिसतच नाही ते. मी तसंच करून ठेवलंय. पाहिजे तर मॅडमना विचार, कुणी काय उघडलं ते सगळं आत असतं, माझं नाव कुठेही…" मी बडबडत सुटलो. तिथे रस्त्यावर उभा राहून मी तिला कॉम्प्युटर समजावत होतो. माझी मलाच लाज वाटली, पण थांबता येईना.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुमी घरातलं माणूस. तुमच्यासमोर तिथं जाऊन गोळ्या कशा घेऊ? नारायणगावला जायाचं तर घरी कारण काय सांगू? म्हणून जायाचंच बंद केलं. आन मग तुमी माज्याकडं बघंना झाला. मी म्हणलं, कळलं तुमाला."

"अगं, मग विचारायचं ना मला!" मी ओरडलोच. सावळेराम वळून बघायला लागले. मला रडू येत होतं आणि तोंडातून रागच बाहेर पडत होता. "एकदा विचारायचं!"

"तुमी तरी कुठं काय बोललात, काका?" ती हळूच म्हणाली. वाकून पाया पडली. उठताना तोल गेला म्हणून मी तिला दंडाला धरलं. "मंजी मी उगंच सोडल्या गोळ्या."

गाडी निघाली आणि डांबरी रस्त्याला लागली. दादांनी अंगणातून एकदा माझ्याकडे बघितलं, फाटक ओढून घेतलं आणि कडी घातली. मी अजून बाहेरच उभा होतो.