कॅमेरा पाच ते आठ

जानेवारीत मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोन संगणक शेजारी शेजारी लावून तपासले. एकात एक मोठं ग्राफिक्स कार्ड होतं, दुसऱ्यात दोन लहान. कॅमेऱ्यात दिसलेलं जनावर ओळखायचं काम या कार्डांचं. दोघांनाही तीच चित्रीकरणं दाखवली: उसाच्या कडेनं चालणारा बिबट्या, कुत्रं, वासरू, घोंगडी पांघरून वाकलेला माणूस. बिबट्या दिसल्यापासून भोंगा वाजेपर्यंत किती वेळ जातो, ते मला मोजायचं होतं. मोठ्या कार्डाला आठ कॅमेरे सांभाळून ०.४ सेकंद लागले. दोन लहान कार्डांनी चार-चार कॅमेरे वाटून घेतले तेव्हा ०.६. मग एक लहान कार्ड काढून ठेवलं आणि उरलेल्या एकावर आठही कॅमेरे टाकले. २.१ सेकंद.

त्या तिसऱ्या आकड्यापुढे मी वहीत फुली मारली. मी एक सेकंदाची मर्यादा धरली होती. ती मला कुणी घालून दिलेली नव्हती. मला ती योग्य वाटली होती, एवढंच.

हे सगळं आमच्या गावासाठी चाललं होतं. गाव जुन्नर तालुक्यात, बोरी बुद्रुकच्या पलीकडे. गावठाण वर चढावर आहे आणि आमची वस्ती खाली, ओढ्यापलीकडे: विहार, त्याभोवती सव्वीस घरं, आणि तिन्ही बाजूंनी ऊस. मी वारूळवाडीत राहते, कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. माझी आई, जानकाबाई, वस्तीतच असते. तिच्या दोन शेळ्या आहेत. त्यांच्यासाठी ती रोज सकाळी शेजारच्या सरूबाईला घेऊन ओढ्याकाठी गवताला जाते. दोन वर्षांत पंचक्रोशीतली चार माणसं बिबट्यानं नेली होती, तरी त्या दोघी जात होत्या. शेळ्यांना रोज खायला लागतं.

एका कारखान्यानं पैसे दिले, कॅमेरे खांबांवर चढले, आणि संगणकात कोणतं कार्ड घालायचं ते ठरवायचं काम माझ्याकडे आलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत बैठक झाली. बिबट्या समितीचे प्रमुख गेणभाऊ, वरच्या गावातले, सत्तरीचे. मी आकडे सांगितले. दोन्ही पर्यायांचा खर्च जवळपास सारखाच होता. मोठं कार्ड वेगवान होतं, पण ते बिघडलं तर आठही कॅमेरे आंधळे होणार होते.

"दोन म्हंजी बैलजोडीच की," गेणभाऊ म्हणाले. "एक बसला तर दुसरा काय एकटा गाडी वढतो?"

"तुमचा एक तर कवाचाच बसलाय, भाऊ," मागून कुणी तरी म्हणालं, आणि सगळे हसले. गेणभाऊही हसले.

मी म्हटलं, ही जोडी नाही, एकेका बैलाचे दोन छकडे आहेत. प्रत्येकात चार कॅमेऱ्यांचं ओझं. एक छकडा मोडला तरी दुसरा चालत राहतो.

गेणभाऊंनी थोडा विचार केला. "मंग दोनच घ्या. निदान निम्मं गाव तरी जागं ऱ्हाईल."

कुठलं निम्मं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. कॅमेऱ्यांचे क्रमांक वरून खाली दिले होते. एक ते चार गावठाणाकडचे, पाच ते आठ वस्तीकडचे. खालच्या कार्डाला पहिले चार दिले, वरच्या कार्डाला पुढचे चार. संगणकाच्या पेटीत कार्डं एकावर एक बसतात, म्हणून वरचं आणि खालचं. यामागे दुसरं काही नव्हतं.

फेब्रुवारीत भोंगा सुरू झाला. पहिल्या महिन्यात तो नऊ वेळा वाजला. त्यातल्या सात वेळा खरोखर बिबट्या होता, एकदा तरस, एकदा गेणभाऊंचं कुत्रं. लोकांचा विश्वास बसला आणि सवयी बदलल्या. पूर्वी बाया गवताला जाताना काठ्या आपटत, मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावत, एकीला मागं तोंड करून उभी करत. बिबट्या मान धरतो म्हणून सरूबाई गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालायची. तिच्या मुलानं, नवनाथनं तो चामड्याचा करून आणला होता. मार्चमध्ये आईकडे गेले तेव्हा पट्टा दिसला नाही. मी विचारलं, तर सरूबाई म्हणाली, गळ्याला घामोळं येतं, आन् आता भोंगा हाय की. भोंगा वाजत नाही म्हणजे जनावर नाही, असं सगळ्यांनी धरलं होतं. मला त्याचं बरंच वाटलं. माझ्या यंत्रावर कुणी इतका भरवसा ठेवला नव्हता.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात हर्षालीचा फोन आला. ती ग्रामपंचायतीत संगणक चालवते. वरच्या गावातली सून, नेमकं बोलणारी, कामाला चोख. संगणक दुपारपासून चार वेळा आपोआप बंद पडला होता. मी तिला तापमान वाचायला सांगितलं. खालचं कार्ड ७४ अंश, वरचं ९३.

कारण लगेच कळलं. खालच्या कार्डाची गरम हवा वरचं कार्ड आत ओढतं. जानेवारीत, प्रयोगशाळेच्या पंख्याखाली, वरचं कार्ड ७१ अंशांवर होतं आणि मी ते मान्य केलं होतं. पंचायतीची खोली पत्र्याची आहे. तिथे एप्रिलमध्ये काय होईल, ते मी मोजलं नव्हतं.

"मॅडम, बंद पडला की सगळंच जातंय. आठीच्या आठी कॅमेरे," हर्षाली म्हणाली.

मी म्हटलं, मी रविवारी येऊन पंखे बसवते. तोपर्यंत वरचं कार्ड बंद ठेव.

ती म्हणाली, "म्हणजे पाच ते आठ बंद राहतील."

"हो. खालच्या लोकांना कळव."

एक मिनिट चाळीस सेकंदांचं बोलणं. समोर तपासायच्या उत्तरपत्रिका होत्या, तरी मी घाईत होते असं म्हणता येणार नाही. आठही कॅमेरे एका कार्डावर टाकता येतात, हे मला त्या वेळी आठवलं. घरी बसून करता आलं असतं. पण २.१ पुढे फुली होती. जे मर्यादेत बसत नाही ते मी चालवत नाही.

हर्षालीनं कळवलं. गावाच्या ग्रुपवर तिनं लिहिलं, "कॅमेरा क्र. ५ ते ८ तांत्रिक कारणाने रविवारपर्यंत बंद." मी तो संदेश नंतर पाहिला. तिचं काही चुकलं नव्हतं. फक्त कॅमेऱ्यांचे क्रमांक तिला आणि मलाच माहीत होते. वस्तीत सहा नंबरच्या कॅमेऱ्याला ओढ्याचा कॅमेरा म्हणतात, सातला विहिरीचा. सरूबाईकडे साधा फोन होता. आईकडेही.

शुक्रवारी सकाळी सात वाजता आईनं फोन केला. सरूबाई वाकून गवत कापत होती. आई तीस पावलांवर भारा बांधत होती. जनावर उसातून आलं तेव्हा आवाज झालाच नाही. आईनं खुरपं फेकलं, दगड मारले, ओरडली. वीटभट्टीवरची माणसं धावत येईपर्यंत सरूबाईला उसात तीन सऱ्या आत नेलं होतं.

"भोंगा वाजला न्हाई म्हनून गेलो," आई म्हणाली. हे ती त्या दिवशी कितीदा तरी म्हणाली.

दुपारी मी पंचायतीत पोहोचले. हर्षाली खुर्चीवर बसून होती, संगणकाकडे पाठ करून. कार्ड बंद असलं तरी कॅमेऱ्यांचं चित्रीकरण साठत असतं. कार्डाचं काम फक्त ओळखण्याचं. आम्ही दोघींनी सहा नंबरचं चित्रीकरण लावलं. सहा वाजून एकोणीस मिनिटांनी बिबट्या उसाच्या कडेला येऊन बसलेला दिसतो. पूर्ण दिसतो, आडोसा नाही, उजेड चांगला. सहा वाजून सव्वीस मिनिटांनी दोन बाया चौकटीत येतात. सहा तीसला तो उठतो.

अकरा मिनिटं.

हर्षाली बाहेर गेली. मी आठही कॅमेरे एका कार्डावर आणले. अठरा मिनिटं लागली. मग वेळ मोजली: २.१ सेकंद. बरोबर तेवढीच.

पाचव्या दिवशी सरूबाईचा जलदान विधी होता. तोपर्यंत वस्तीत एकच गोष्ट फिरत होती: वरचे चार चालू होते, खालचे चार बंद होते, आणि बंद करणारी वरच्या गावची सून. हर्षालीनं फोन बंद करून ठेवला होता. मी सांगितलं होतं, हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. तिनं का सांगितलं नाही, ते मी तिला अजून विचारलेलं नाही.

विहारात वंदना झाली. बाया भांड्यांकडे वळल्या, पुरुष मांडवात बसले. नवनाथ नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचा टेम्पो चालवतो. पांढऱ्या सदऱ्याच्या खिशातून त्यानं दुमडलेला कागद काढला. पोलिसांत द्यायचा अर्ज होता. शेजारचा एक जण म्हणाला, नाव नीट लिव, पुढं-मागं सुटायला नको ती.

गेणभाऊही आले होते, मांडवाच्या कडेला, टोपी हातात.

"नवनाथ, हर्षालीनं तिच्या मनानं बंद केलं नाही," मी म्हटलं. "तसं करायला मीच फोनवर सांगितलं."

त्यानं कागद खाली केला. मी सगळं सांगितलं: उष्णता, वरचं कार्ड, खालचं कार्ड, संगणक बंद पडणं. वर्गात सांगते तशी, पहिल्यापासून. आई चुलवणापाशी उभी होती. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं नाही.

नवनाथनं मध्ये तोडलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "एकाच कार्डावर आठी न्हाई का चालत?"

"चालतात."

"मंग?"

"उशिरा कळतं."

"किती उशिरा?"

"दोन सेकंद."

चित्रीकरण वनखात्याच्या माणसांनी नेलं होतं. त्यात काय आहे, ते नवनाथला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं.

"आन् ते जनावर तिथं बसल्यालं किती वेळ व्हतं, ताई?"

मला नेमका आकडा माहीत होता. नसता तर बरं झालं असतं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

"अकरा मिनिटं," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली, जणू टेम्पोत किती क्रेट बसले ते कुणी त्याला सांगितलं होतं. मग त्यानं कागद मांडीवर पसरला, खिशातून पेन काढलं आणि एका ओळीवर रेघ मारली. ती ओळ हर्षालीच्या नावाची होती. शेजारचा माणूस म्हणाला, आरं, आपलीच पोरगी हाय, जानकाबाईची. नवनाथनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"पूर्ण नाव सांगा."

लहानपणी मी त्याला शाळेत हात धरून नेलं होतं. माझं नाव त्याला माहीत होतं. तरी मी सांगितलं: माझं, वडिलांचं, आडनाव. त्यानं सावकाश लिहिलं, वळणदार अक्षरात. मग कागद माझ्यापुढे केला.

"ते आकडं तुमीच लिवा. माझं चुकतील."

मी पेन घेतलं. तारीख लिहिली, फोनची वेळ लिहिली, कॅमेऱ्यांचे क्रमांक लिहिले. कंसात प्रत्येकाचं वस्तीतलं नाव लिहिलं: ओढ्याचा, विहिरीचा. बाकीचे आकडे त्याखाली, एकाखाली एक. लिहून झाल्यावर त्यानं कागद घेतला, वाचला, दुमडला.

आई मांडवात आली नाही. तिनं हातातलं पातेलं तसंच आत नेलं, आणि पंगतीत मला वाढायला ती आली नाही, दुसरी बाई आली.